याला कोणी गप्प केलं?

“याला कोणी गप्प केलं?”

बंद पडलेल्या कुठल्याही मशीनपाशी ताई आल्या की पहिलं वाक्य हेच. चष्मा कपाळावर ढकलायच्या, मशीनच्या पाठीवर तळहात टेकवायच्या आणि मशीनकडे न बघता आमच्याकडे बघत विचारायच्या. काहीतरी बिघडतं हे त्यांना मान्य होतं. बिघडलेलं कळू न देणं मात्र त्यांच्या लेखी गुन्हा होता.

आमचं ऑफिस साकीनाक्याला, एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. हॉस्पिटलात खाटेशेजारी नाडीचे ठोके आणि ऑक्सिजन दाखवणारे मॉनिटर असतात ना, ते आम्ही बनवतो. त्यांच्या आत लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालते. ते लिनक्स ताईंचं खातं. मी मशीनबरोबर जाणारं माहितीपुस्तक लिहिते. ताईंना जे कळायचं ते साध्या मराठीत उतरवायचं, म्हणून माझी खुर्ची बहुतेक वेळ त्यांच्याच टेबलाला लागलेली असायची.

ताई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. पन्नाशी उलटलेली, घरची होडी, भाऊ अजून दर्यावर जाणारा. ऑफिसात सगळ्यांना अरे-तुरे. फक्त साहेबांना अहो-जाहो करायच्या, पण सूर अरे-तुरेचाच.

एकदा यूपीएस फार पीं पीं करतो म्हणून कोणीतरी त्याच्या भोंग्याची वायर कापली. मग एक दिवस दिवे गेले, बॅटरी कधीच उतरलेली होती आणि सगळ्यांचं काम उडालं. जो तो म्हणाला, “कळलंच नाही.”

“कळणार कसं रे?” ताई भडकल्या. “ओरडणाऱ्याचं तोंड तुम्हीच बांधलंत, आणि आता ऐकू आलं नाही म्हणता?”

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याला सगळे कटकट्या म्हणतात. आम्हीही ताईंना तसंच म्हणायचो.

मग जोगेश्वरीचं प्रकरण झालं. तिथल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये आमचा मॉनिटर झोपला तो उठलाच नाही. बॅटरी वाचावी म्हणून हे मशीन वापरात नसलं की झोपी जातं, बटण दाबलं की जागं होतं. आमच्या भाषेत त्या झोपेला सस्पेंड म्हणतात. त्या दुपारी एका आजोबांना धाप लागली, सिस्टरने बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. आजोबांना मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. ते वाचले, पण नातेवाइकांनी गोंधळ घातला आणि कोणाच्या तरी माथी खापर फोडणं भाग होतं. आमची सर्व्हिसची माणसं गेली, त्यांनी मशीन बंद करून चालू केलं, ते चाललं. “मशीन ठीक आहे, हाताळणी चुकली,” असं सांगून ती मोकळी झाली. सिस्टरला नर्सिंग होमने घरी बसवलं.

“मशीनपण सस्पेंड आणि ती बाईपण सस्पेंड,” ताई म्हणाल्या. “मशीनला निदान बटण आहे.”

त्यांनी ते मशीन मागवून घेतलं. झोपताना आणि उठताना आत काय चाललंय ते लिनक्स ओळीओळीने सांगत असतं. त्या ओळी वाचायला ताईंनी मशीनला केबल जोडली. मशीन झोपायला निघालं, एखाददुसरी ओळ आली आणि पुढे काहीच नाही.

“अडकलं का?” मी विचारलं.

“अडकलं नाही. बोलायचं थांबलंय.”

लिनक्स झोपायला निघालं की आधी स्वतःचं बोलणं थांबवतं. त्याला कारण आहे. ज्या मार्गाने बोलायचं तो मार्गही झोपणार असतो. पण झोपेतही बोलत राहा, असं त्याला सांगता येतं. सुरू होतानाच्या सूचनांमध्ये ‘नो कन्सोल सस्पेंड’ एवढं टाकायचं. ते टाकायला ताईंनी सूचनांची ओळ उघडली, तर तिथे आधीच एक शब्द बसलेला होता. ‘क्वाएट’. म्हणजे गप्प. आमच्याच ऑफिसात तो टाकला गेला होता, कारण मशीन सुरू होताना कंपनीच्या लोगोवरून पांढऱ्या ओळी पळतात हे साहेबांना आवडत नव्हतं.

ताईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “लोगो स्वच्छ दिसावा म्हणून.” त्यांचा हळू आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं.

तो शब्द काढला, दुसरे टाकले, आणि केबलवरून ओळी भराभर यायला लागल्या. पण आता मशीन अडकेचना. झोपवलं, थांबलो, उठवलं. हायबरनेटही करून पाहिलं, म्हणजे सगळी आठवण डिस्कवर ठेवून पूर्ण बंद. तरी ते शहाण्यासारखं उठलं. साहेब येऊन बघून गेले. “बघा, मशीन ठीक आहे, मी म्हटलं नव्हतं?”

“त्या सिस्टरना कोणी विचारलं का,” ताईंनी विचारलं, “की त्यांनी नेमकं काय केलं?”

कोणीच विचारलं नव्हतं. सगळे मशीनला भेटून आले होते.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन रिक्षाने जोगेश्वरीला सिस्टरच्या घरी गेल्या. आम्ही कंपनीचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पाणी दिलं, पण स्वतः उभ्याच राहिल्या.

“बटण कधी दाबलंत?” ताईंनी विचारलं.

“लगेच, मॅडम. देवाशपथ लगेच.”

“बसा आधी. माझा विश्वास आहे. लगेच म्हणजे कधी?”

“पडदा काळा होत होता, तेवढ्यात आजोबा कसंतरी करायला लागले. तसाच हात मारला.”

“होत होता, का झाला होता?”

सिस्टरनी डोळे मिटून आठवलं. “होत होता.”

परतताना रिक्षात मरोळच्या पुढे ताई म्हणाल्या, “लहानपणी एकदा बाबांच्या होडीचा वायरलेस बंद पडला. वादळ होतं. आई चुलीपाशी नुसती बसून. बाबा आले दुसऱ्या दिवशी, काही झालं नव्हतं त्यांना. पण ती रात्र आईच्या तोंडावरून कधी गेली नाही गं.” एवढंच. मग रिक्षावाल्याशी रस्त्यावरून भांडायला लागल्या.

ऑफिसात आल्यावर त्यांनी मशीन झोपवलं आणि पडदा मावळत असतानाच बटण दाबलं. दोनतीनदा उठलं. मग पडदा काळा झाला तो झालाच. केबलवरच्या शेवटच्या ओळीत पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे ड्रायव्हरचं नाव होतं, त्यापुढे काही नाही. अर्धवट झोपलेल्या पडद्याला उठवायला गेलं की तो ड्रायव्हर कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट बघत बसत होता. आम्ही तपासताना नेहमी मशीन पुरतं झोपेपर्यंत थांबायचो. आमच्यासमोर कोणाला धाप लागलेली नव्हती.

म्हणजे बघा. निष्काळजी म्हणून जिला घरी बसवलं, तिने जरा आळस केला असता तर मशीन उठलं असतं. ती तत्पर होती, म्हणून अडकलं.

ताईंनी हे साहेबांना दाखवलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, दुरुस्ती करूच, पुढच्या अपडेटमध्ये घालू. तोवर माहितीपुस्तकात एक वाक्य टाका, मशीन पूर्ण झोपल्यावरच बटण दाबावे.

“समोर माणूस धाप टाकतोय,” ताई म्हणाल्या, “आणि सिस्टरने थांबायचं? आणि त्या बाईचं काय?”

“ते नर्सिंग होमचं अंतर्गत आहे.”

ते वाक्य मी लिहिलं नाही. ताईंनी तर त्याच दुपारी जोगेश्वरी गाठलं. सिस्टरना घरून सोबत घेतलं, मीही होते. नर्सिंग होमच्या डॉक्टरांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “चूक आमच्या मशीनची होती. यांची नव्हती. यांनी वेळेवर बटण दाबलं, आणि ते त्यांना भोवलं.”

डॉक्टर मोबाइल खाली ठेवून ऐकत होते. सिस्टरनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळल्या. त्यांना कामावर परत घेतलं गेलं. माफी कोणी मागितल्याचं मला माहीत नाही.

ताईंवर कंपनीची माहिती बाहेर नेल्याचा ठपका आला. त्यांचं टेबल आतल्या खोलीत नेलं, काम काढून घेतलं, बैठकांना बोलावणं बंद केलं. महिनाभर त्यांनी ते सोसलं आणि राजीनामा दिला. त्यांनीच केलेली दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये गेली. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं, ‘किरकोळ सुधारणा’. आजही त्या दोन शब्दांचा मला राग येतो.

अलीकडे नवं माहितीपुस्तक द्यायला जोगेश्वरीला गेले होते. सिस्टर ड्युटीवर होत्या. एका म्हाताऱ्या बाईंच्या बोटाला क्लिप लावता लावता त्यांनी विचारलं, “त्या तुमच्या ताई नाही आल्या?”

“त्यांना काम सोडावं लागलं.”

“का?”

“तुमच्यासाठी इथे खरं बोलल्या म्हणून.”

सिस्टर खाली वाकल्या आणि म्हाताऱ्या बाईंची बोटं दोन्ही हातांत धरून चोळत राहिल्या.

“गार पडलीत, आजी,” त्या म्हणाल्या. “मग मशीन बोलत नाही.”