सुनंदानं पकडलेली चूक

आमच्या घरात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि आईला तर ती जाईपर्यंत कळली नाही. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही – ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजूनही रेटत नाही.

पण आधी ते ऑफिस सांगते. ते सांगायला मला आवडतं, हेही आत्ताच कबूल करून टाकते.

डेक्कनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे आम्ही रशियनमधून इंग्रजीत भाषांतरं करायचो. आम्ही म्हणजे मी, सुनंदा आणि बापट सर. सर आमचे रशियनचे शिक्षक. आम्ही ती भाषा शिकलो मॉस्कोला जायच्या स्वप्नावर. पदवी हातात पडेपर्यंत तो देशच उरला नाही. पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, कालपर्यंत व्याकरण शिकवणारी माणसं प्रोग्रॅमिंग शिकवायला लागली, आणि आम्ही तिघं आपली विभक्ती-प्रत्यय धरून बसलेलो. मग इंटरनेट आलं आणि सरांना कुठल्याशा युरोपीय एजन्सीकडून काम मिळालं.

तिकडच्या बऱ्याच देशांनी मिळून सुरक्षेसाठी एक संघटना काढली होती. जिथे युद्ध थांबलंय पण मिटलेलं नाही, अशा ठिकाणी तिचे निरीक्षक राहायचे. कोण कुठून गोळी झाडतंय, कुठला रस्ता बंद आहे, कुठल्या गावाचं पाणी तुटलंय – हातात बंदूक न घेता नुसतं बघायचं आणि रोज लिहून काढायचं. त्यांच्या तिथल्या मदतनिसांच्या रशियन नोंदी आमच्याकडे येऊन पडायच्या. आम्ही सकाळी सहाला बसायचो आणि दहाच्या आत इंग्रजी पाठवायचो. तिकडे तेव्हा सकाळ होत असायची, आणि आमचं वाचून मदतीच्या गाड्या निघायच्या. सर म्हणायचे, "आपण जगाची शांतता राखतोय. तेव्हा निदान आपापल्या कपबशा विसळून ठेवत जा."

किती सुंदर सकाळी होत्या त्या! नकाशात बोट ठेवून आम्ही गावं शोधायचो. कधीही न पाहिलेल्या एका नदीवरच्या एका पुलाची आम्हाला लकडी पुलाइतकी सवय झाली होती.

सुनंदा विश्रांतवाडीहून पहिल्या बसनं यायची. वडील खडकीला कारखान्यात कामगार. लहानपणी त्यांनी तिला कुठल्याशा प्रदर्शनातून चित्रांचं एक रशियन पुस्तक आणून दिलं होतं, आणि त्यातल्या चित्रांखाली काय लिहिलंय ते कळावं म्हणून ती पुढे ही भाषा शिकली. बुद्धपौर्णिमेला डबाभर खीर आणायची. माझा तिच्यावर जीव होता. हे खरं आहे, पुढचं सगळं धरूनही.

आमची पद्धत अशी: एकीनं भाषांतर करायचं, दुसरीनं ते मुळाशी ओळ न ओळ ताडून बघायचं. याला आम्ही ताळा म्हणायचो. ताळा बहुतेक सुनंदाच घ्यायची. चुकीभोवती लाल पेन्सिलीनं गोल, कागद माझ्या ट्रेमध्ये, आणि रजिस्टरमध्ये तिची सही. मग मी दुरुस्त करून पाठवायचे.

आणि माझी एक खोड होती. रोजच्या नोंदी इतक्या सारख्या असायच्या – तीच गावं, तोच रस्ता, तोच पूल – की मी सरळ कालची फाइल उघडायचे आणि त्यात जेवढं बदललंय तेवढंच बदलायचे. सुनंदाला ते अजिबात आवडायचं नाही. "वैजू, तिथल्या माणसांचा दिवस रोज नवा असतो गं," ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे.

त्या दिवशी मला हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला जायचं होतं. सरांना मी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं होतं. कालच्या फाइलमध्ये होतं: पूल वाहतुकीला खुला. त्या दिवशीच्या नोंदीत होतं: पूल बंद, पलीकडून गोळीबार. मी ती ओळ बदललीच नाही. सुनंदानं पकडली, कागद माझ्या ट्रेमध्ये ठेवला आणि झेरॉक्स आणायला खाली गेली. मी कागद उचलला. लाल रंग दिसला – हो, दिसला. वाटलं, असेल एखादा स्वल्पविराम. आहे तशी फाइल पाठवून दिली, कागद सर्टिफिकेटांच्या फोल्डरमध्ये कोंबला आणि स्कूटरला किक मारली.

कंपनीच्या त्या थंडगार हॉलमध्ये सर्टिफिकेटं काढताना तो कागद हाताला लागला. 'पूल' या शब्दाभोवती दोनदा गोल, आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात – 'बंद आहे. हे आधी कर.' समोर टेबलावर फोन होता. मागितला असता तर तिथल्या मुलीनं दिलाही असता. मग मी का नाही मागितला? कारण आपण कुठे आहोत हे सरांना सांगावं लागलं असतं. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधते आहे आणि मला ते सापडत नाही.

औषधांची एक गाडी त्या पुलावर गेली. काचा फुटल्या, माणसं वाचली. त्यांच्या वाचण्यात माझा काही वाटा नाही. ती नोंद दुसऱ्या दिवशी आमच्याचकडे आली आणि मीच ती भाषांतरित केली – या वेळी प्रत्येक ओळ मुळापासून. दुपारी एजन्सीचं पत्र आलं. काम चालू ठेवायचं असेल तर ताळा घेणाऱ्या माणसाला काढा.

सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. सुनंदानं शांतपणे सांगितलं, की तिनं खूण केली होती आणि कागद माझ्या ट्रेमध्ये ठेवला होता. सर माझ्याकडे वळले. फोल्डरमधून काढलेला तो कागद त्या क्षणी माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता.

"ट्रेमध्ये काही नव्हतं, सर," मी म्हणाले.

सरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मी त्यांच्या मित्राची मुलगी, त्यांच्याच पेठेतली, त्यांच्याच जातीची, सुनंदा विश्रांतवाडीची. कोणाचा शब्द खरा धरायचा हे त्या खोलीत न बोलताच ठरलेलं होतं. ते तसं ठरेल हे मला तोंड उघडण्याआधी माहीत होतं – आणि त्याच भरवशावर मी तोंड उघडलं.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती काहीतरी आठवत असल्यासारखी पाहत होती. मग डबा पिशवीत टाकून निघून गेली. कागद मी संध्याकाळी बंबात घातला. महिन्याभरात हिंजवडीचं पत्र आलं, मीही ते ऑफिस सोडलं, आणि आईनं वाड्याबाहेरच्या लोकांनाही पेढे वाटले.

बऱ्याच वर्षांनी ती मला मंडईत भेटली. मटारच्या ढिगाशी आम्ही दोघी एकदमच वाकलो होतो. केस पिकले होते. म्हणाली, शाळेत शिकवते, मजेत आहे. माझ्या नोकरीची, मुलीची चौकशी केली. मग तो विषय तिनंच काढला, अगदी सहज.

"आपलं काम पुन्हा तपासा, असं मी मुलांना सांगते ना, तेव्हा स्वतःचंच उदाहरण देते. कितीतरी वर्षं मला वाटायचं की मी खूण केली होती. पण नसेलच केली गं. तू कशाला खोटं बोलशील?"

ती उत्तराची वाट पाहत होती. घाई नव्हती, कुठे जायचं नव्हतं, कोणी माझी मुलाखत घेणार नव्हतं. गमावण्यासारखं माझ्याकडे तेव्हा काय होतं? काहीच नाही.

"होतं गं असं," मी म्हणाले, आणि तिचा हात थोपटला.

ती हसली. तिला हलकं वाटल्याचं दिसलं. दर जूनमध्ये नव्या वर्गाला ती अजूनही ते उदाहरण देत असेल.