कानपिळीचा मान बहाल

माझ्या लग्नाला पाच दिवस राहिले होते आणि सीमेवर असलेल्या माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, सुट्टी रद्द झाली. तिकीटबी रद्द केलं."

मी फोनवरच त्याच्या साहेबाचा उद्धार केला. घरचे समजूत घालायला लागले, तशी आणखी भडकले. आमच्याकडे होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, आमच्या पोरीला नीट सांभाळ म्हणून. लहानपणी भावाचे कान मी पिळायचे. आता त्याची पाळी होती, आणि ती मला दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती. पण काकांनी परस्पर मान चुलतभावाला देऊन टाकला. तोही लगेच इस्लामपूरला जाऊन फेटा घेऊन आला!

दोन दिवसांनी सकाळी भावाचा मेसेज आला. "सुट्टी बहाल. निघालो."

मी किंचाळलेच. आई लसूण सोलता सोलता दचकली. "आवं, बहाल म्हंजी काय?" तिनं वडिलांना विचारलं.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा चेहरा असा फुलला, जणू सुट्टी त्यांनाच मिळाली होती. "काढून घेतलेलं परत दिलं. नवं न्हाई गं, तेच! मधी काय झालंच न्हाई असं धरायचं. माझी दंडावरची हुद्द्याची फीत काढली हुती, तीबी अशीच बहाल झाली."

"तुमची फीत कवा काढली हुती?" आईनं विचारलं. वडिलांना एकदम मांडवाचे बांबू बघायची आठवण झाली.

सुट्टी बहाल झाली, पण रेल्वेचं तिकीट थोडंच होतंय? गडी जनरल डब्यात दारापाशी पिशवीवर बसून आला. लग्नादिवशी अक्षता पडल्या, होम पेटला, तरी त्याचा पत्ता नाही. चुलतभावानं नवऱ्याचा कान धरला. मी मान खाली घातली.

तेवढ्यात मांडवाच्या दारात मोटारसायकल थांबली. कराडहून मित्राच्या मागं बसून, धुळीनं माखलेला माझा भाऊ पळतच आत आला. चुलतभावानं कान सोडला, स्वतःचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि ओरडला, "घे गड्या, तुझा मान बहाल!"

सगळा मांडव हसला. मी मात्र धुरातच ढसाढसा रडले. भावानं कान असा पिळला, की नवरा चारचौघांत "आई गं" म्हणाला.

मग भाऊ हळूच माझ्याजवळ वाकला. "ताई, परवा निघायचंय. सुट्टी तीच हाय, शेवटची तारीखबी तीच. मधलं दिवस गेलं."

वडील बरोबर बोलले होते. नवं काही नव्हतं, तेच होतं, तेही थोडं उरलेलं. लग्नानंतरच्या आमच्या सत्यनारायणाच्या पूजेला तो नव्हताच.

पण अजूनही त्याचा फोन आला, की नवरा आधी उजवा कान चोळतो आणि मगच माझ्या हातात फोन देतो.