मिरचीच्या चक्कीतली कॉफी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या मालाची यादी करत होते. साबण, अगरबत्ती, कॉफी... आणि कॉफीपुढे माझं नेहमीचं प्रश्नचिन्ह. आमचं हिंगणघाट चहाचं. इथे किराणा दुकानात कॉफीचं पोतं ठेवणारा मामा एकटाच! त्याला जाऊन दोन महिने होत आले, पण त्याची आठवण निघाली की घरात आधी हसूच फुटतं.

चिखलदऱ्याकडच्या डोंगरात काही लहान शेतकऱ्यांनी मिळून संस्था काढली होती. व्यापारी भाव पाडत, म्हणून ते कॉफीची झाडं तोडायच्या विचारात होते. फिरायला गेलेल्या मामाने संस्थेच्या सुमनबाईंना शब्द दिला, "दरसाल एक पोतं मी नेईन. भाव तुमी ठरवा."

"मामा, इथे कॉफी पितं कोण?" मी विचारलं.

"पाजली काय कोणं, मंगे? पयले पाजू, मंग पाहू."

पहिल्या वर्षी भाजलेल्या बिया आमच्याच चक्कीवर दळल्या. आदल्या दिवशी तिच्यावर मिरची दळली होती. कामांच्या यादीत 'चक्की झाडली' यापुढे न बघताच खूण केली ती मीच. पाकिटं बारा घरी गेली. सकाळी शेजारचे मास्तर खोकत दुकानात आले. "शेटजी, हे कॉफी हाय का ठेचा?"

मामा पोट धरून हसला. पण मास्तर पुढे म्हणाले, "त्या डोंगरवाल्यांनं फसवलं तुमाले," आणि त्याचं हसू थांबलं. चक्की धुऊन त्याने नव्याने कॉफी दळली, माझ्याकडून गिऱ्हाइकांची यादी घेतली आणि स्कूटर काढली. दर दारात एकच वाक्य, "चूक आमच्या चक्कीची हाय, त्यांच्या मालाले नाव नोका ठेवू." मग थेट स्वयंपाकघरात शिरून स्वतः कॉफी करायची आणि सोबत प्यायची. बारा घरं, बारा कप! संध्याकाळी त्याची बडबड थांबेना... त्यातली नऊ घरं आजही आमची कॉफी नेतात.

पुढच्या वर्षी सुमनबाई पोतं घेऊन आल्या. मामाने त्यांच्या हाती कप दिला, तेव्हा कळलं की त्यांनी कॉफी कधी प्यालीच नव्हती. "आमी त चाच पेतो, शेटजी." एक घोट घेऊन त्या कपाकडे बघत राहिल्या. "हे आमचं होय?" मामाचा चेहरा असा खुलला, जणू झाडं त्यानेच लावली होती.

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. पोतं पायरीवरच ठेवलं. "शेटजी त नाई आता... यंदा घेता का, बाई?"

मी त्यांना मामाच्या गादीवर बसवलं, पोतं आत ओढलं आणि यादीतलं प्रश्नचिन्ह खोडलं. मग फक्त कॉफी दळायला त्याने मुद्दाम आणलेलं हातयंत्र काढलं. त्यावर त्याच्या वाकड्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, 'मंगे, पयले हुंगून पाहजो.'

मी हुंगून पाहिलं. मगच सुमनबाईंसाठी बिया टाकल्या.