अर्धं शटर

“शटर काढायचं नाही म्हणजे नाही!”

“हात सोड, दादा.”

“भर बाजारात काचेचं दुकान टाकतेस? एक दगड पुरतो, भावे. एकच!”

“मागच्या वेळी शटर होतं ना? काय वाचलं त्यानं? बाबांचा हात वाचला?”

“तोंड सांभाळ.”

“तू आधी हात सोड. घण आहे माझ्या हातात. पायावर पडला तर बोंबलत बसशील.”

दिपेशनं बहिणीचं मनगट सोडलं. भाविकानं तोच घण फिरवून भिंतीत घातला. ओल आलेला गिलाव्याचा पोपडा धाडकन खाली आला, लाल धूळ उडाली, आणि दोघंही खोकत खोकत एकमेकांकडे डोळे वटारून बघत राहिली.

“उद्घाटनाचा नारळ सुजितशेठ फोडणार,” दिपेश म्हणाला. “मी शब्द दिलाय.”

“कोण?”

“ऐकलंस तू. त्यांच्या हातून नारळ फुटला की मॅटर खतम. त्यांची पोरं परत या दुकानाकडे वाकड्या नजरेनं बघणार नाहीत. आणि ती पोलिसातली तक्रार मागे घ्यायची.”

“ज्यांनी दुकान फोडलं, तेच नारळ पण फोडणार? फोडायचं कंत्राट काय त्यांनाच दिलंयस?”

“समजून घे ना यार! मी त्यांच्या गाड्यांवर जगतो. माझी पोरं जगतात.”

“बाबांना विचारलंस?”

“बाबा बोलतात का कोणाशी? तुझ्याशी तरी बोलतात का?”

भाविकानं पुन्हा घण उचलला. दिपेश शिव्या देत निघून गेला.

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, ते त्यांचे वडील हरिचंद्र तेव्हा घरी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. त्यांनी परत गल्ल्यावर बसावं, एवढ्या एका गोष्टीसाठी भाविकानं कुळगावच्या शाळेतली ऑफिसची नोकरी सोडली होती.

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘राजाबाई पुस्तक भांडार’ अशी पाटी आहे. पण त्या नावानं विचाराल तर कोणी सांगणार नाही. ‘मारकं दुकान’ विचारा, बारकं पोरही बोट दाखवील. पुस्तकाचं पान दुमडलं की हरिचंद्रांची टपली बसायची. थुंकी लावून पान उलटलं की बोटांवर लाकडी पट्टी. आळीतल्या आया पोरांना दम द्यायच्या, “अभ्यासाला बस, नाहीतर गाईड आणायला तुलाच पाठवीन हरिचंद्रकाकांकडे.” तरी पोरं जायची, कारण मारून झाल्यावर हा माणूस पुस्तक हातात द्यायचा आणि म्हणायचा, “बस तठं. वाच. सांजपर्यंत कोन तुला उठवनार नाय.” आम्ही एकांकिकावाली पोरं तिथं संहिता धुंडाळायला जायचो. एकदा मी फळीशी उभी राहून मरणाचा प्रसंग मोठ्यानं वाचत होते, तर मागून आवाज आला, “मरताना यवरा कोन बोलतं काय गो? घ्यायचा तर घे, नायतर भायेर जाऊन मर.”

दुकानाचा जन्मही मारामारीतलाच. हरिचंद्र तेव्हा आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. कारखान्यातले फाटके पुठ्ठे टेम्पोत घालून उल्हासनगरच्या रद्दीच्या गोदामात न्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. तिथं एक माणूस कोरी पुस्तकं पायाखाली धरून, कोंबडीची मान मुरगाळावी तशी त्यांची पाठ मोडत होता. कव्हर एकीकडे, पानं एकीकडे. हरिचंद्र बघत राहिले, आणि मग त्यांनी त्या माणसाच्या कानाखाली वाजवली.

गोदामाचा सिंधी मालक धावत आला. “अरे साईं, पागल है क्या? रद्दी है ये! खाएगा क्या किताब?”

“खायेगा!” हरिचंद्र म्हणाले आणि त्यालाही एक ठेवून दिली. मार त्यांनीही खाल्ला. ओठ फुटला, सदरा फाटला. पण टेम्पो परतला तेव्हा मागं ती सगळी पुस्तकं होती. आई राजाबाई ओटीवर भाजीचे वाटे लावून विकायची, त्याच ओटीवर त्यांनी पुस्तकं मांडली. पुढं ओटीचं दुकान झालं.

गिऱ्हाइकाला पट्टी असायची, पण मुलाला सळी. शटर ओढायची ती लांब आकडीची सळी गल्ल्यामागं कोपऱ्यात उभी असे. दिपेशला वाचायचा कंटाळा. तो पुस्तकात मान घालून झोपायचा, आणि हरिचंद्र सळी उचलायचे. त्याच्या उजव्या भुवईत एक फट आहे, तिथं केस उगवत नाहीत. भाविकाला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही. असं का, ते घरात कोणी विचारलं नाही. दिपेशनंही नाही. तो मोठा झाला आणि महिपतीशेठच्या भरावाच्या गाड्यांवर निघून गेला. हे तेच महिपतीशेठ, ज्यांच्या गाड्यांनी राजाबाईच्या भाताच्या खाचरात डबर टाकून ते बुजवलं होतं. आडवी आलेली म्हातारी ढकलाढकलीत पडली, ती पुन्हा चालली नाही. दुकानाला तिचं नाव त्यानंतर लागलं.

बाजारात एक रीत आहे. प्रेतयात्रा रस्त्यानं निघाली की दोन्ही बाजूंची दुकानं आपापलं शटर अर्ध्यावर आणतात. तिरडी पुढं गेली की पुन्हा वर. मेलेला ओळखीचा असो-नसो, गरीब असो की श्रीमंत. हरिचंद्र ही रीत कडक पाळायचे. भिकाऱ्याच्या प्रेतालाही त्यांचं शटर वाकलेलं बाजारानं पाहिलंय.

महिपतीशेठ मेले त्या दिवशी सगळा बाजार अर्ध्यावर आला. एकच शटर वर होतं.

तिरडी दुकानासमोर थांबली. पुढच्या खांद्याला त्यांचा मुलगा सुजितशेठ होता, आणि त्याच्या जोडीला दिपेश.

“ओ काका, शटर घ्या खाली!” कोणीतरी ओरडलं.

हरिचंद्र गल्ल्यावर बसून होते. “नाय घेत.”

“मयत आहे समोर!”

“माजे आईचा बी मयत झाला होता. तवा तुमची एक तरी गाडी थांबली काय?”

पहिला दगड पाटीला लागला. दुसरा काचेच्या कपाटाला. मग माणसं आत घुसली. पुस्तकांच्या फळ्यांचे घोडे ओढून आडवे पाडले, पुस्तकं गटारात फेकली, पोथ्यांवर पाय देऊन नाचली. ज्या पोरांना हरिचंद्रांनी कधी टपल्या मारल्या होत्या त्यातलेही काहीजण होते, आणि ते जास्तच जोरात होते. हरिचंद्रांनी एकाच्या नाकावर पट्टी हाणली. त्यांना धरून आपटलं. “शटर पाडा! शटर पाडा!” असा गलका झाला. ते उठले आणि दारात येऊन त्यांनी खाली येणारं शटर उजव्या हातानं धरलं. शटर हातासकट उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर आदळलं. समोरचा फुलवाला म्हणतो, ऊस चरकात जावा तसा आवाज झाला.

दोन बोटं गेली. उरलेली आहेत, पण वाकत नाहीत.

त्यांना दवाखान्यात कोणी नेलं? दिपेशनं. धावत आला, बापाला पाठीवर टाकलं, सदरा रक्तानं भिजला तरी गाडी तोच चालवत होता. “मी तिरडीला होतो, मागं काय झालं मला कळलंच नाही,” असं तो आईला, पोलिसांना, सगळ्यांना सांगत राहिला. पोलिसांनी हरिचंद्रांना विचारलं, शटर कोणी ओढलं? ते म्हणाले, “तोंड नाय बगितला.” तक्रार अनोळखी जमावावर नोंदली गेली. त्यानंतर ते बोलायचेच थांबले. बायको चिमी घास भरवायची तेव्हा तेवढं तोंड उघडायचे.

दिपेश शिव्या देत गेला त्याच दिवशी वेल्डर सम्यक शटर उतरवायला आला.

“ताई, हे आधी पूर्ण खाली आणू. मग वरून कापतो.”

तो आकडी अडकवून सळीला लोंबकळला. शटर हललं नाही. त्याचा जोडीदार आला, दोघं लोंबकळले. “काय मरतंय काय हे? ग्रीस तर मारलंय!”

“सरका,” भाविका म्हणाली. शटर ज्या उभ्या पट्ट्यांतून सरकायचं, त्यातल्या डाव्या पट्टीला तिनं सवयीनं खालच्या बाजूला टाच मारली. फार पूर्वी एका टेम्पोनं धडक दिली होती, तेव्हापासून पट्टी तिथं आत दबलेली होती. लाथ घालायची आणि त्याच दमात सळी ओढायची, हे घरातल्या चौघांच्या अंगवळणी पडलेलं. शटर खडखडत एका झटक्यात खाली आलं.

“अरे वा! हे आधी सांगायचं ना. बाहेरच्या माणसाला कसं कळणार?”

भाविका बंद शटरसमोर उभी राहिली. उंबऱ्याच्या पट्टीवर अजून काळा डाग होता. सम्यकनं दोनदा हाक मारली तेव्हा तिला ऐकू गेलं.

“कापू ना, ताई?”

“काप.”

ठिणग्या तिच्या पायांवर उडत होत्या. ती हलली नाही.

उद्घाटनाला सकाळी आळी गोळा झाली. भिंती पांढऱ्या, घोडे नवे, आणि समोर आख्खी काच. चिमीनं काचेवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. हरिचंद्रांना तिनंच आंघोळ घालून आणलं होतं. उजवा हात टॉवेलखाली झाकलेला. ते आत आले, काचेतून रस्ता बघितला, आणि गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसले. मग ते वर चौकटीत शोधत म्हणाले, “शटर कनला गेला?”

कित्येक महिन्यांनी फुटलेला शब्द. चिमीनं हातातलं ताट खाली ठेवलं.

“काढलं, बाबा. आता कोणासाठी वाकवायला नको.”

तेवढ्यात गाड्या थांबल्या. पांढराशुभ्र सदरा घातलेला सुजितशेठ उतरला, मागं चार पोरं, बाजूला दिपेश.

“काका, झालं गेलं विसरा,” सुजितशेठनं हात जोडले. “द्या, ताई, नारळ.”

भाविकानं नारळ छातीशी धरला. “देते. आधी माझ्या भावाला एक विचारू दे. दादा, शटर खाली कसं आलं?”

“आता हे काय काढलंस? लोकांनी ओढलं.”

“लोकांना येत नाही ते. काढताना दोन माणसं लोंबकळली, तरी आलं नाही. मी डाव्या पट्टीला लाथ मारली तेव्हा आलं.”

“भावे, गप.”

“मी कुळगावला होते. आई घरी. बाबा आत. लाथ मारायला उरलं कोण?”

दिपेशनं तिच्या मुस्काटात मारली. ती मागं काचेवर आदळली. काच थरथरली, स्वस्तिक तिच्या पाठीला पुसलं गेलं. तिनं त्याची कॉलर धरली आणि नारळ डोक्यावर उगारला. “बोल! नाहीतर हा इथंच फुटेल!”

“फोड! फोड ना!” दिपेश किंचाळला. “मी ओरडत होतो, हात काढा, बाबा, हात काढा! नाही काढला त्यांनी! माझ्याकडे बघत होते! सगळा बाजार बघत होता, खांद्यावर मयत, आणि माझ्याच बापाचं शटर वर. मला फक्त अर्ध्यावर आणायचं होतं!”

सुजितशेठ कधी मागं सरकला ते कोणाला कळलं नाही. चिमीनं तोंडात पदर कोंबला होता.

“तुमाला ठावं होता?” तिनं नवऱ्याला विचारलं. “यवरे दिस, तुमाला ठावं होता?”

हरिचंद्र दिपेशकडे बघत होते.

“विचार ना त्यांना, आई!” दिपेशनं बहिणीचा हात झिडकारला आणि गल्ल्यावर दोन्ही मुठी आपटल्या. “विचार, ही भुवई कोणी फोडली? त्याच सळीनं! मी पण ओरडायचो, बाबा. नको, बाबा, वाचतो, बाबा. तुम्ही कधी थांबलात? तेव्हा तुमचा हात कोण धरायला आलं होतं? हिला कधी मारलं नाही. मलाच का? बोला! पोलिसांना नाव सांगितलं नाही, ते उपकार केलेत की हिशोब फेडलात? आज बोला!”

हरिचंद्र उठले. टॉवेल खाली पडला. काळा-निळा, वाकडा हात उघडा पडला, आणि दारातली माणसं मागं सरली. ते दिपेशसमोर येऊन थांबले. दिपेशनं, दोन पोरांच्या बापानं, लहानपणीसारखा कोपर तोंडासमोर धरला.

हरिचंद्र त्या कोपराकडे बघत राहिले आणि त्यांनी आपला वाकडा हात पाठीमागं नेला.

“बाबा, बसा ना,” भाविका म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. “दुकान तुमचं आहे. बाबा, बसा.”

ते काचेच्या दारापाशी गेले. सवयीनं डावा पाय पट्टीच्या जागेकडे उचलला गेला. पट्टी नव्हती. पाय खाली ठेवून ते उंबऱ्याबाहेर पडले.

“अवो, कनला चाललाव?” चिमी ओरडली.

“बोलून जा, बाबा!” दिपेश अजून कोपराआडूनच ओरडत होता. “बोलून जा!”

ते शिवमंदिराच्या दिशेनं चालू लागले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.