वायर गेली नव्हती

तेजलचा माईक मी बंद केला होता. मुद्दाम. वायर गेली नव्हती — वायर नवी कोरी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही मला हळदीचं काम देणार नाही.

मी भांडुपचा साऊंडवाला. लग्न, हळद, सत्यनारायण — स्पीकर माझे. आणि माझी एक खोड आहे: प्रत्येक हळदीत एक गाणं मी स्वतः म्हणतो. कोणी सांगत नाही. पण माईकच माझा, अडवणार कोण?

मढच्या कोळीवाड्यातली ती हळद. मी डोळे मिटून वरची पट्टी लावलेली — आणि पोरं ओरडायला लागली, "तेजल! तेजल!" तेजल म्हणजे नवरीची मामेबहीण, तेव्हा कॉलेजात होती. मोबाईलवर रॅप करून टाकायची. गल्लीतली पोरं सोडली तर बघत कोण होतं? माझं गाणं अर्ध्यातच मेलं. माईक तिच्या हातात गेला.

आणि काय सांगू — पोरगी तोडत होती! आईची मासळीची पाटी, बंगल्यात शूटिंगला येऊन सुकत्या बोंबलांना नाकं मुरडणारी माणसं... सगळं कोळी बोलीत, ठेक्यात, दम न घेता. ज्या मांडवात माझ्या गाण्याला लोक जेवायला उठले होते, तिथे आता कोणी जागचं हलेना. मग मी काय केलं? मिक्सरवरचं म्यूटचं बटण दाबलं. वर दोन्ही हात पसरून ओरडलो, "वायर गेली!"

वाटलं, संपलं. ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग माईक खाली ठेवला आणि मोकळ्या गळ्याने पुढचं कडवं सुरू केलं. हळदीचे धवले म्हणायला बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी टाळ्यांवर ताल धरला. कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं — आणि तोच व्हिडिओ फिरला, कुठल्या कुठे! माझे स्पीकर चालू असते तर त्या आवाजाची धार लोकांना कळली असती का? हा विचार मी पुष्कळदा करून बघितलाय. गोड लागतो. पण बटण दाबताना मला तिचं भलं करायचं नव्हतं — तिला गप्प करायचं होतं.

पुढे मुलाखतींत ती सांगायची, "साऊंडवाल्या दादाची वायर गेली, आणि मला माझा आवाज सापडला." झालं! मी शकुनाचा माणूस ठरलो. हळदीला लोक मलाच बोलवायला लागले. मीही मान खाली घालून हसायचो — जणू फार मोठा माणूस आणि फार नम्र.

गेल्या महिन्यात गोरेगावला तिचा शो होता. सगळी तिकिटं संपलेली. पहिलं कडवं ती अजूनही माईकशिवाय म्हणते. या वेळी मिक्सरवर तिने मला उभं केलं — कोणाला? मला! दुपारी साऊंड तपासताना तिने ते कडवं म्हणून बघितलं. रिकाम्या खुर्च्यांवरून तो आवाज थेट माझ्यापर्यंत आला, मागच्या भिंतीपर्यंत गेला, आणि माझ्याने राहवेना. ती खाली उतरून आली तसं म्हणालो, "तेजल, त्या दिवशी ती वायर..."

"दादा," ती केस बांधता बांधता म्हणाली, "म्यूटचा लाल दिवा माझ्या डोळ्यांसमोर पेटलेला. गाणं तुला जमत नाही, ठीक आहे. खोटं तरी नीट बोलायचं ना रे!"