अर्ध्या डोक्याचं जावळ

जरीपटक्यापासून मनीषनगरापर्यंत नागपुरात कुणाकडे बाळ जन्मलं, की काही महिन्यांनी त्या घरी देवाजीची पेटी यायचीच. देवाजी न्हावी. दाढी-कटिंगचं दुकान त्याने मुलाच्या हाती दिलं आणि स्वतः फक्त बाळांची जावळं काढायला उरला. तीस वर्षांत एका टाळूला ओरखडा नाही, एक मुहूर्त चुकला नाही. हे तो विचारल्यावर सांगायचा, आणि न विचारताही सांगायचा.

त्या दिवशी मनीषनगरात मधुकररावांच्या नातवाचं, पाच महिन्यांच्या गोलूचं जावळ होतं. मुहूर्त अकरा दहापर्यंतचा. रीतीप्रमाणे बाळ मामाच्या मांडीवर. मामा म्हणजे विक्की. मिहानमधल्या कंपनीतली रात्रपाळी संपवून, न झोपता, तसाच पाटावर येऊन बसलेला.

उजवी बाजू लोण्यासारखी उतरली. डावीला वस्तरा टेकवणार, तोच गोलूने सूर लावला. खुळखुळा झाला, मोबाइलवरचं गाणं झालं, पंखा वाढवून झाला. सूर चढतच गेला. देवाजी वस्तरा आवरून थांबला. मधुकरराव घड्याळाकडे बघत आणि मग विक्कीकडे. गोलूची आत्या उत्तरा म्हणाली, "मामाले पोरगं सांभाळता येत नाही, आन् चालला लगन कराले!"

सारे हसले. विक्की हसला नाही.

देवाजीची नजर नेहमी बाळ धरणाऱ्याच्या हातांवर असे. विक्कीची बोटं गोलूच्या बगलेत रुतली, त्याने बाळ समोर उचललं, आणि त्याची मनगटं ताठ झाली. देवाजीने वस्तरा दूर सरकवला आणि दोन्ही हातांनी त्याची मनगटं धरली.

"हलवू नको, बाबू. माह्याजवळ दे."

गोलूची मान हातावर तोलत देवाजीने बाळ नूपुरकडे, त्याच्या आईकडे दिलं. मधुकरराव कुरकुरले, "देवाजी, मुहूर्त जाऊन राहिला ना गा."

देवाजीने एकदा त्या अर्ध्या डोक्याकडे पाहिलं. तीस वर्षांचा नेम होता. मग त्याने वस्तरा पुसून पेटीत ठेवला. "जाऊ द्या, मधुकरराव."

मग त्याने एका पोराची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी तो कटिंगला यायचा. डोकं वरून स्वच्छ, ओरखडाही नाही. पण खुर्चीत बसल्यावर आरशाकडे कधी बघायचा नाही. दिसतच नव्हतं त्याला. तान्हा असताना रडणं थांबेना म्हणून बापाने दोन-चारदा गदागदा हलवलं होतं, एवढंच. डॉक्टरांनी त्या बापाला समजावलं होतं: बाळाचं डोकं जड, मान कोवळी, हलवलं की आतला मेंदू कवटीवर आपटतो, बारीक रक्तवाहिन्या तुटतात. कुणाची नजर जाते, कुणाला फिट येतात, कुणी जगतही नाही.

"बाप काही वाईट नव्हता," देवाजी म्हणाला. "थकला होता. सहन नाही झालं तं पोराले पाळण्यात उताणं ठेवा, दुसऱ्याले हाक मारा, आन् अंगणात जाऊन या. थोडं रडल्यानं त्याचं काही बिघडत नाही."

विक्की खाली मान घालून उठला आणि खरंच अंगणात गेला. थोड्या वेळाने उत्तरा त्याच्यासाठी चहा घेऊन गेली.

दूध पिऊन गोलू झोपला. अकरा दहा झाले, बाराही झाले. पाहुणे जेवायला बसले आणि येणारा-जाणारा त्या अर्ध्या डोक्याचा फोटो काढू लागला. एका काकूने तर ही नवी फॅशन आहे का, असंही विचारलं. तासभर झोपून विक्कीचाही चेहरा माणसात आला.

दीडला गोलू जागा झाला, हसतच. विक्की मात्र त्याला घ्यायला तयार होईना. देवाजीने त्याला पाटावर बसवलं, बाळाची मान त्याच्या कोपराच्या खळग्यात टेकवली आणि सांगितलं की मामा तोच, मांडीही तीच. उरलेलं जावळ उतरेपर्यंत विक्कीने नीट श्वासही घेतला नाही. गोलूने त्याच्या नाकावर शिंकून त्याला मोकळं केलं.

थोड्याच वेळात मधुकररावांच्या मेहुण्याचा फोन आला. त्यालाही नातवासाठी न्हावी हवा होता. मुहूर्त चुकवलेल्या न्हाव्याबद्दल आता काय निघतं म्हणून पेटी बांधता बांधता देवाजीने कान दिला.

"नंबर देतो," मधुकरराव म्हणाले. "माणूस पक्का आहे. पण घाई असन तं बोलावू नका."

देवाजीने पेटीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि गेटपाशी मिश्यांत हसला.