माकडटोपीचा गोंडा

चेष्टेत माझा हात धरणारा माणूस अमेरिकेतल्या या अख्ख्या फ्रीमाँटमध्ये सापडायचा नाही. इथे मुलाकडे येऊन चार वर्षं झाली, तेवढ्यात आपल्या सगळ्या मंडळींना एकेकदा तरी मामा बनवून झालंय. आता मिशीला पीळ देऊन हे सांगतोय खरा, पण आजचा किस्सा मी स्वतः कसा मामा बनलो त्याचा आहे. आणि बनवलं कुणी? दीड इंचाच्या लोकरीच्या गोंड्यानं. हसा, पण चहा सांडू नका.

माझी नात ईशा पक्ष्यांपायी वेडी. दर मार्चमध्ये सात-आठ मराठी माणसं गोळा करते, सात तास ड्राइव्ह करून वाळवंटात नेते आणि तिथे तंबू ठोकते. कशासाठी, तर पक्षी बघायला. मी बार्शीत चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. दुकानाच्या पत्र्यावर पारवे बसायचे, त्यांना हाकलण्यात माझा अर्धा दिवस जायचा. तेव्हा पक्ष्यांसाठी एवढं पेट्रोल जाळायचं, हे माझ्या सातवी पास डोक्यात काही शिरेना. पण घरी बसून तरी काय करणार? म्हटलं, मीपण येतो. ईशानं एकच अट घातली.

"आजोबा, प्लीज, नो नाटक."

म्हटलं, नो नाटक. कात्रीची शपथ.

ग्रुपमध्ये सुमनताई होत्या. नागपूरच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या, वय चौऱ्याहत्तर, गळ्यात दुर्बीण, मांडीवर निळी वही. नऊ वर्षांत इथे जेवढे पक्षी पाहिले ते सगळे त्या वहीत. फक्त एक पान कोरं. त्यावर नाव तेवढं लिहिलेलं, व्हर्मिलियन फ्लायकॅचर. एवढासा पक्षी, पण नर अगदी शेंदूर फासल्यासारखा लाल. त्याच्यासाठी बाई तीनदा वाळवंटात आल्या, तिन्ही वेळा तो हुकला. आणि पुढच्या आठवड्यात त्या कायमच्या नागपूरला निघालेल्या. म्हणजे हा शेवटचा चान्स.

त्यात परत त्यांचा एक नियम. पक्षी नुसता बसलेला दिसला तर लिहायचं नाही. मला म्हणाल्या, "बसलेलं काहीही असू शकतं, नाना. पान, चिंधी, कागद. उडाला, माशी धरली, परत येऊन बसला, की मग तो पक्षी." मी असतो तर एव्हाना दोन वह्या थापांनी भरल्या असत्या.

दोन दिवस काही दिसलं नाही. शेवटच्या सकाळी मला उजाडायच्या आत जाग आली. थंडी मरणाची. डोक्यावर आमच्या कुटुंबानं विणलेली माकडटोपी, आणि टोपीवर गोंडा. लालभडक. आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष?

गोंडा कापला आणि पाण्याच्या डबक्याकाठी जे वाळकं झाड होतं, त्याच्या टोकाच्या काटकीला बांधला. शिंप्याची दुहेरी गाठ. चाळीस वर्षांत मी लावलेलं एक बटण तुटून आलेलं नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि परत पांघरुणात.

माझा डाव केदारवर होता. केदार म्हणजे तो तोफेएवढी लेन्स घेऊन हिंडणारा सॉफ्टवेअरवाला. सूर्य वर आला, सगळे डबक्यासमोर जाऊन बसले, आणि केदार पुटपुटला, लाल, लाल, त्या झाडावर. कॅमेरा खटखट सुरू. ईशानं तोंडावर हात धरला. मी मफलर दातात धरला, नाहीतर तिथेच फुटलो असतो.

मग माझं लक्ष सुमनताईंकडे गेलं आणि हसू घशातच विरलं.

दुर्बीण हलू नये म्हणून बाईंनी कोपरं गुडघ्यांवर दाबून धरलेली. डोळा न काढता त्यांनी चाचपडत वही उघडली, ते कोरं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं. आणि थांबल्या. तो उडायची वाट बघत.

गोंडा उडणार कधी? बाई दुपारपर्यंत अशाच बसणार आणि कोरं पान घेऊन नागपूरला जाणार. उभा राहिलो, भुंडी टोपी दाखवली आणि कबुली दिली. "ताई, वही मिटा. तो माझ्या टोपीचा गोंडा आहे."

कुणी विश्वास ठेवीना. ईशा दातओठ खात खाली बसा म्हणाली. केदार म्हणाला, काका, त्याला डोळा आहे. म्हटलं, लोकरीचा गुंता असेल. म्हणाला, मान वळवतोय. म्हटलं, वारा आहे. समोर पक्षी इकडेतिकडे बघतोय आणि मी वाऱ्याचं नाव घेतोय! पण गाठ माझी होती ना. माझी गाठ सुटते होय?

शेवटी पुरावा द्यायला मी धपाधपा चालत झाडाशी गेलो, हात वर केला, आणि गोंडा उडाला.

खाली बघतो तर काटकीचं टोक मोडून चिखलात पडलेलं. त्याला माझा गोंडा. गाठ शाबूत!

परत आलो तेव्हा ईशा माझ्याकडे बघेचना. सुमनताईंनी शेजारची जागा थोपटली, बसा म्हणाल्या. मग हळू आवाजात शाळेतल्यासारखं समजावलं, की आपल्या हद्दीत हा दुसरा लाल कोण आला, म्हणून तो भांडायला आला असणार. कदाचित परत येईल. मात्र आता हलायचं नाही.

दोन तास! माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग खरोखरीच्या मुंग्याही आल्या. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. नऊ वर्षांची वाट मी एका हातानं उडवून लावली होती आणि ही बाई मला आपल्या बाटलीतलं पाणी देत होती. सुईत दोरा ओवणारी पुष्कळ माणसं मी पाहिली, पण असा धीर धरणारं कुणी पाहिलं नाही.

आणि तो आला. त्याच मोडक्या फांदीवर. उडाला, हवेत गिरकी घेतली, माशी धरली, परत येऊन बसला. ताईंनी डोळे भरून पाहिलं, आणि वहीत लिहायच्या आधी दुर्बीण माझ्या हातात दिली. काय सांगू, चाळीस वर्षं कापडात गेली, पण असा लाल मी एकाही ताग्यात पाहिला नव्हता.

त्यांनी पान भरलं, टोपण लावलं. तेवढ्यात माझी जीभ परत वळवळली. म्हटलं, "काही म्हणा ताई, पण तो आला माझ्या गोंड्यामुळेच."

वही पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "हो तर. आला तुमच्या थापेनं, पळाला तुमच्या खरं बोलण्यानं. नाना, या वयात नसत्या सवयी लावून घेऊ नका."